‘गैरहजर’मधलं दहावं गाणं

चौदाव्यांदा गाणं बिघडलं तेव्हा योनाने कानावरचे हेडफोन काढले, माइकच्या स्टँडला अडकवले आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघत म्हणाला, "सुहास, सोडून देऊ हे. नऊ गाणी झालीत, नऊच देऊ."

माझ्या शेजारी कारखानीस बसले होते. ते कंपनीने आमच्या डोक्यावर बसवलेले निर्माते. साठीला आलेला माणूस, जन्म सिनेमाच्या गाण्यांत गेलेला, आमच्यासारख्या केस वाढवलेल्या पोरांवर काडीचा विश्वास नाही. पण कान असा, की गिटारची एक तार केसभर उतरली तरी भुवई वर जायची. त्यांनी बटण दाबून योनाला सांगितलं, "दहा मिनिटं बस. पाणी पी. बोलू नकोस." मग बटण सोडून मला म्हणाले, "राग आहे पोराच्या आवाजात. असा राग मी तीस वर्षांत दोनदा ऐकलाय. पण ओळ कुठेतरी तुटते, आणि कुठे तुटते ते मला सापडत नाहीये. आज नाही झालं तर संपलं. उद्या स्टुडिओ दुसऱ्याला दिलाय, आणि उद्या हा आवाजही असा नसेल."

दोन हजार तीनचा मार्च होता. अंधेरीतला स्टुडिओ, दुपारचे बारा वाजलेले. आमच्या बँडचं नाव ‘चौथी पाळी’. आम्ही चौघंही खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. बाप तीन पाळ्यांत कामाला जायचे, आणि रिकाम्या पडलेल्या सायकल स्टँडमध्ये आम्ही जी आदळआपट करायचो ती चौथी पाळी. परदेशातल्या चौकड्यांचे शर्ट घालणाऱ्या, दुःख ओरडून सांगणाऱ्या बँडांच्या कॅसेटी ऐकून आम्ही शिकलो, पण गाणी मराठीतच केली. पहिला अल्बम कुणीही विकत घेतला नाही. दुसऱ्याचं नाव ‘गैरहजर’. हा पडला असता तर कंपनीने आम्हाला परत दारात उभं केलं नसतं. ड्रमवाला अल्ताफ आणि बेस वाजवणारा राजन आपापलं काम उरकून आदल्या दिवशी पुण्याला गेले होते. राहिलो होतो मी आणि योना. आणि राहिलं होतं ते दहावं गाणं, ‘खुर्ची’.

योनाचं पूर्ण नाव योनाथान ओहोळ. त्याचे वडील शांतवन ओहोळ कारखान्यात फिटर होते आणि वसाहतीजवळच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. तिथलं क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, त्यांनीच उभं केलेलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. योनाची आई तो दहावीत असताना गेली. तेव्हापासून मास्तर, योना आणि धाकटी कृपा असं तिघांचं घर होतं, आणि त्या घरात दोनच गोष्टी वेळेवर व्हायच्या, जेवण आणि रियाज. योनाला गाणं बापाने शिकवलं. मी लहानपणी त्यांच्या खिडकीखाली उभा राहून ऐकलंय. "पुन्हा," मास्तर म्हणायचे. चांगलं झालं तरी पुन्हा, वाईट झालं तरी पुन्हा.

दोन हजार एकच्या नाताळात सगळं फिसकटलं. सकाळच्या उपासनेत योनाचं एकट्याचं गीत होतं. आदल्या दिवशी आमचा लोणावळ्याला कार्यक्रम होता, योना तिथून थेट चर्चमध्ये आला तो तारवटलेल्या डोळ्यांनी, आणि आला तोही अर्धी उपासना झाल्यावर. तो पुढे जाऊन उभा राहिला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, ऑर्गनचं झाकण लावलं आणि क्वायरला खाली बसायची खूण केली. सगळ्या मंडळीसमोर योना एकटाच उभा राहिला. घरी गेल्यावर जेवायच्या टेबलापाशी मास्तर एवढंच म्हणाले, "ज्याला देवासमोर वेळेवर येता येत नाही, त्याने माझ्या टेबलाशी बसू नये." योना उठला तो कपड्यांची पिशवी घेऊन आमच्या क्वार्टरमध्ये आला. पुढे सव्वा वर्ष तो आमच्याकडेच होता. दोन गल्ल्यांचं अंतर, पण बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. ‘खुर्ची’ हे गाणं त्याने आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं.

तुझ्या घरातली माझी खुर्ची
मोकळी ठेवू नको,
मी येणार नाही जेवायला
माझं ताट वाढू नको.

एवढंच धृपद. पण योना ते ओरडायला लागला की अंगावर काटा यायचा.

तर त्या दहा मिनिटांत वॉचमन आत आला आणि मला म्हणाला, "पुण्याहून कुणी आलेत. ओहोळ म्हणून. आत घेऊ का?"

योना काचेपलीकडे डोळे मिटून बसला होता. मी वॉचमनला म्हणालो, "नको, मीच येतो."

बाहेर आवारात बदामाच्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. त्यावर मास्तर बसले होते. मला बघून ते उठायला लागले, मी म्हणालो, "बसा काका."

"योना आत आहे ना?"

"हो. गातोय."

"चांगलं. कृपाने ऐकवलं मला. ते खुर्चीचं."

कच्च्या ध्वनिमुद्रणाची एक सीडी मी कृपाला दिली होती, कुणाला ऐकवायची नाही असं बजावून. मला वर बघवेना.

"शब्द त्याचेच ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका. पण ते तसं…"

"बरे आहेत. साधे आहेत. आई गेल्यावर पोरानं काही लिहिलंच नव्हतं." त्यांनी पायांतल्या बुटांकडे पाहिलं. "जरा बोलाव त्याला. पाच मिनिटं. घरी ये म्हणायला आलोय. फोनवर जमेना मला. दुपारच्या गाडीने परत जाईन, त्याच्या कामात येणार नाही."

शांतवन ओहोळ हा माणूस कधी कुणाकडे काही मागायला गेलेला मी पाहिला नव्हता. मी म्हणालो, "विचारतो," आणि आत आलो.

आत आलो, पण स्टुडिओच्या खोलीत गेलो नाही. मधल्या बोळात पाण्याच्या कूलरपाशी उभा राहिलो. समोरच्या दाराच्या गोल काचेतून मला योना दिसत होता. मान खाली, जबडा आवळलेला, गुडघा हलतोय. मी तिथे पाच मिनिटं उभा असेन. मग तसाच मागे फिरून बाहेर गेलो.

"काका," मी म्हणालो, "तो नाही म्हणतोय."

"मी आलोय असं सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"भेटायचं नाही म्हणाला."

मास्तरांनी मान हलवली, एखाद्याने पत्ता सांगितल्यावर आपण हलवतो तशी. नंतर चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत घातला. म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मी सगळ्या मंडळीसमोर केलं होतं." ते उठले. दोन पावलं गेले आणि थांबले.

"सुहास, एक सांग त्याला. माझं म्हणून सांगू नकोस, ऐकणार नाही. तुझं म्हणून सांग. धृपदात तो ‘मोकळी’ म्हणून झाल्यावर श्वास घेतो. तिथं ओळ तुटते. लहानपणापासूनची खोड आहे ती, ओरडायचं म्हटलं की घाई करतो. त्याला म्हणावं, ‘खुर्ची’ म्हटल्यावर थांब. पोटभर श्वास घे. थांबलास तरी चालेल, गाणं कुठे पळून जात नाही. मग ‘मोकळी ठेवू नको’ एका दमात."

त्यांनी ती ओळ मला म्हणून दाखवली. आवाज न करता, नुसते ओठ हलवून, हाताने ताल धरत. मग ते फाटकातून बाहेर पडले.

मी आत गेलो. योनाच्या खोलीत जाऊन त्याला म्हणालो, "मला सापडलं. ‘खुर्ची’नंतर श्वास घे. थांब तिथे. पुढचं एका दमात."

त्याने मनाशी म्हणून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. "कुठून सुचलं तुला?"

"सुचलं," मी म्हणालो.

पंधराव्या वेळी गाणं झालं. ‘खुर्ची’ हा शब्द म्हणून योना थांबला, त्याचा श्वास माइकमध्ये स्पष्ट आला, एखादा माणूस दारात येऊन थबकतो तसा, आणि मग ती ओळ अशी सुटली की कारखानीसांनी समोरच्या बटणांवरचे हात काढून मांडीवर ठेवले. गाणं संपल्यावर म्हणाले, "घरी जा आता. झालं तुमचं."

त्यानंतर चार आठवड्यांनी, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी, क्वायरच्या सरावाला निघताना मास्तर बूट घालायला खुर्चीवर बसले आणि उठलेच नाहीत. कृपा धावत आमच्याकडे आली तेव्हा योना दात घासत होता. तो तसाच अनवाणी पळाला.

दफनाला सगळी वसाहत होती. क्वायरने गीत म्हटलं, पण ऑर्गन वाजवायला कुणी नव्हतं, नुसतेच आवाज. योना त्यात गायला नाही. मूठभर माती टाकून झाल्यावर तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ते गाणं काढ."

"योना…"

"काढ ते. नऊच देऊ."

तेव्हाही मला सांगता आलं असतं. काढताही आलं असतं. कॅसेट बाजारात यायला अजून तीन महिने होते. मी म्हणालो, "कंपनी ऐकणार नाही." कंपनीला मी विचारलंच नाही.

‘गैरहजर’ जुलैत आला. पहिला महिना कुणी विचारलं नाही. मग पुण्याच्या एका एफएम स्टेशनवर कुणीतरी ‘खुर्ची’ लावलं आणि त्याच दिवशी ते तीनदा लावावं लागलं. दिवाळीपर्यंत ते होस्टेलांत पोचलं, रिक्षांत पोचलं, चहाच्या टपऱ्यांवर पोचलं. कंपनीला कॅसेटी पुन्हा काढाव्या लागल्या, मग पुन्हा. नाशिक, नागपूर, सांगली, जळगाव, आम्ही गाडीतून उतरतच नव्हतो. घरातून निघून आलेली पोरं, बापाशी भांडलेली पोरं स्टेजसमोर उभी राहून ते धृपद म्हणायची आणि रडायची. ‘खुर्ची’नंतरचा तो श्वाससुद्धा ती घ्यायची. दोन-दोन हजार पोरं एकदम थांबायची, एकदम श्वास घ्यायची. असं काही मी जन्मात पुन्हा ऐकलं नाही.

आणि योनाला ते दर कार्यक्रमात म्हणावं लागायचं. दीड वर्ष. बापाला मातीत ठेवून आलेला मुलगा, दर दोन-तीन दिवसांनी हजार लोकांसमोर उभा राहून त्याला सांगत होता, माझं ताट वाढू नको. गाऊन झालं की तो स्टेजमागे जाऊन पाठमोरा बसायचा. मी पाण्याची बाटली नेऊन द्यायचो. तो "थँक्स" म्हणायचा.

दोन हजार पाचच्या जानेवारीत पुण्यातल्या त्याच एफएम स्टेशनवर आमची मुलाखत होती. संध्याकाळी एका कॉलेजच्या गॅदरिंगला कार्यक्रम होता. मुलाखत घेणारी मुलगी हुशार होती. तिने विचारलं, "खुर्चीनंतर तुम्ही जे थांबता, ते कसं सुचलं?"

योना हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ते ह्याचं. गाणं मला माझ्या वडिलांनी शिकवलं, वीस वर्षं शिकवलं. पण तो एक श्वास सुहासने शिकवला."

मुलाखत संपली. आम्ही खाली उतरलो, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा सांगितला. योनाने ग्लास हातात घेतला आणि मी त्याला सांगितलं. पहिल्यापासून. वॉचमन आला तिथून, मास्तर फाटकातून बाहेर पडले तिथपर्यंत.

तो ऐकत राहिला. चहावर साय धरली. मी थांबल्यावर त्याने एकच विचारलं, "का?"

"तू रागावलेला हवा होतास," मी म्हणालो. "ते भेटले असते तर तू विरघळला असतास. गाणं गेलं असतं."

मला वाटलं तो मला मारेल. मी वाट बघत होतो. पण तो म्हणाला, "चष्मा कुठला होता?"

"काय?"

"पप्पांचा. जाड काळ्या काड्यांचा की दुसरा? कृपा म्हणाली होती, नवीन केला होता. मी बघितला नाही तो."

मला आठवेना. मी तसं सांगितलं.

"टाय होता?"

"नसेल. नाही, आठवत नाही."

"चहा विचारलास?"

"नाही."

"पाणी?"

मी मान हलवली.

"त्यांना साखर होती," योना म्हणाला. "सकाळच्या गाडीला निघाले म्हणजे काही खाल्लेलं नसणार. घरी खाऊन निघत नसत ते कधी." त्याने ग्लास बाकड्यावर ठेवला. "घरी ये म्हणायला आलोय, असंच म्हणाले? ह्याच शब्दांत?"

"ह्याच."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. "शब्द बरे आहेत" इथपर्यंत मी आलो की तो दर वेळी डोळे मिटायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन पोरांनी त्याला ओळखलं, वहीवर सही मागितली. त्याने सही दिली.

संध्याकाळी तो कार्यक्रमाला आला. नऊ गाणी गायला, नेहमीपेक्षा चांगली. दहाव्याला मी गिटार सुरू केली. योना माइकसमोर उभा राहिला आणि गायलाच नाही. दोन ओळी तशाच गेल्या, मग पोरांना वाटलं हा आपल्याला म्हणायला सांगतोय, आणि सगळं मैदान गायला लागलं. त्यांनी पूर्ण गाणं म्हटलं. योना हात खाली सोडून ऐकत होता. शाळेत प्रार्थनेला मुलं उभी राहतात तसा. गाणं संपल्यावर तो "धन्यवाद" म्हणाला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर आम्ही एकत्र वाजवलं नाही.

अल्ताफ दुबईला गेला, राजनने नोकरी धरली. मी जाहिरातींचं संगीत करतो, पुण्यातच, छोटा स्टुडिओ आहे. योना अहमदनगरला एका शाळेत मुलांना गाणं शिकवतो. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो असं कृपाकडून कळलं. गात मात्र नाही.

त्याने मला कधी शिवी दिली नाही. त्या जानेवारीनंतर सव्वा वर्षाने एका दुपारी त्याचा फोन आला. "सांग," म्हणाला. मला कळलं काय ते. मी वॉचमनपासून सुरुवात केली. त्याने मधे थांबवलं नाही. शेवटी एक प्रश्न विचारला, बाकावर ते टेकून बसले होते की पुढे वाकून. मी म्हणालो, पुढे वाकून. त्याने फोन ठेवला.

तेव्हापासून वर्षातून एकदा, कधी दोनदा, फोन यायचा. इकडचं तिकडचं काही नाही. ना माझी बायको कशी आहे, ना त्याची शाळा. "सांग." मी सांगायचो, एक शब्द इकडे तिकडे न करता. शेवटी त्याचा एक नवा प्रश्न असायचा. निघाले तेव्हा उन्हात होते की सावलीत. फाटकाबाहेर डावीकडे वळले की उजवीकडे. बहुतेक प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नसायचं. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं ना. माझं लक्ष आतल्या गाण्याकडे होतं. योनाच्या बापाला शेवटचं त्याच्यासाठी आलेलं बघणारा जगात मी एकटा माणूस, आणि मी बघितलं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा फोन मार्चमधला. माझं सगळं सांगून झालं. पंख्याचा आवाज येत होता त्याच्याकडचा. मग म्हणाला, "ते बाकावर बसले होते तेव्हा मी आत गात होतो ना?"

"नाही. तू थांबला होतास. दहा मिनिटं."

"पण आधी. वॉचमन आत यायच्या आधी ते किती वेळ तिथे होते? वॉचमनने लगेच सांगितलं नसेल. त्या वेळी मी गातच होतो." त्याचा आवाज घाईचा झाला. "तुला काय वाटतं सुहास, बाहेर ऐकू येत असेल का त्यांना? थोडं तरी?"

मला माहीत होतं त्याला काय हवंय. ‘हो’ म्हणायला काहीच लागत नव्हतं. फाटकापर्यंत आवाज यायचा, म्हणायचं. ते मान डोलवत होते, म्हणायचं. तो सुखाने झोपला असता.

पण त्या बाकावर एकदा मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो, आणि आत येऊन त्याच्याशीही.

"नाही," मी म्हणालो. "भिंतींना जाड गादी होती, दोन-दोन दारं होती. बाहेर काही ऐकू येत नव्हतं. अजिबात."

त्याने फोन लगेच ठेवला नाही. मी त्याचं नाव घेतलं, दोनदा. मग पलीकडून शाळेची घंटा ऐकू आली, मुलांचा गलका आला, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.